परिचारिका आणि डॉक्टर यांच्यातील समन्वय: वॉर्डात तो कसा बसवावा

कोल्हापुरात उपचारासाठी दाखल होणारा रुग्ण केवळ शहरातला नसतो. छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या सीपीआरमध्ये, राधानगरी, शाहूवाडी, चंदगडपासूनचे रुग्ण येतात, घाट चढून कोकणातले येतात आणि निपाणी-चिकोडीकडचे कन्नड बोलणारेही येतात. राजारामपुरी-शाहूपुरीतील खासगी रुग्णालयांची घडी निराळी असते. तेथे तज्ज्ञ डॉक्टर दिवसातून एकदा किंवा दोनदा येऊन जातात, मधला वेळ निवासी वैद्यकीय अधिकारी सांभाळतात आणि रुग्णाच्या उशाशी चोवीस तास असते ती परिचारिकाच. दोन्हीकडे अडचण मात्र सारखीच आहे. परिचारिकेला जे दिसते त्यावरचा निर्णय डॉक्टरांना घ्यायचा असतो आणि डॉक्टरांचा निर्णय रुग्णापर्यंत परिचारिकेला पोचवायचा असतो. या जाण्यायेण्यात माहिती जेथे जेथे गळते, तेथे रुग्णाला इजा होते. माणसे चांगली असली तरी ही गळती आपोआप थांबत नाही. ती थांबवायला राउंड, फोन, ऑर्डर आणि हरकत या चार गोष्टींची रीत आधी ठरवून ठेवावी लागते. पुढील मार्गदर्शन परिचारिका, इनचार्ज सिस्टर, निवासी डॉक्टर आणि तज्ज्ञ अशा सर्वांसाठी आहे, कारण यातील कोणतीही रीत एकाच बाजूने पाळून चालत नाही.

लिओनार्ड स्टाइन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६७ साली एका लेखात असे दाखवून दिले होते की परिचारिका डॉक्टरांना सल्ला देतच असते, पण तो सल्ला वाटणार नाही अशा बेताने तिला बोलावे लागते, आणि डॉक्टरही सल्ला मागितल्यासारखे न दाखवता तो घेतात. आपल्या वॉर्डात हे आजही चालते. ‘सर, पेशंट जरा वेगळा वाटतोय’ या वाक्याचा अर्थ अनेकदा ‘लगेच येऊन बघा’ असा असतो. अनुभवी डॉक्टर तो ओळखतात. नवा इंटर्न, म्हणजे प्रशिक्षणार्थी डॉक्टर, ओळखत नाही आणि झोपेतून उठलेला रेसिडेंटही, म्हणजे निवासी डॉक्टरही, ओळखेलच असे नाही. म्हणून आडून बोलण्याची गरजच पडू नये, अशी व्यवस्था आधी करावी.

राउंड

राउंडची वेळ ठरलेली असावी, हे सांगायला सोपे आहे. शस्त्रक्रिया, बाह्यरुग्ण विभाग आणि दोन-तीन रुग्णालयांच्या फेऱ्या सांभाळणाऱ्या तज्ज्ञांना ते नेहमी जमत नाही. निदान निघण्यापूर्वी अर्धा तास वॉर्डला कळवावे. तेवढ्या वेळात परिचारिका टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट, इनटेक-आउटपुटची (शरीरात गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या द्रवाची) बेरीज, ड्रेनची (स्राव बाहेर काढणाऱ्या नळीची) नोंद आणि प्रयोगशाळेतून न आलेल्या रिपोर्टांची यादी तयार ठेवू शकते. न कळवता आलेल्या राउंडमध्ये निम्मा वेळ केसपेपर शोधण्यात जातो. सरकारी रुग्णालयात तर अनेकदा एकाच वॉर्डात दोन युनिटांचे (डॉक्टरांच्या पथकांचे) राउंड एकदम सुरू होतात आणि सिस्टर एकच असते, त्यामुळे एक राउंड तिच्याविनाच उरकतो. यावर उपाय युनिटप्रमुखांनी आपसात करायचा आहे. इनचार्ज सिस्टरला सोबत घेऊन दोन राउंडच्या वेळा वीस-पंचवीस मिनिटांनी मागेपुढे कराव्यात. परिचारिकेविना झालेला राउंड अपुरा समजावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्येक बेडपाशी पहिले मिनिट परिचारिकेचे असावे. रात्री काय घडले, कोणते औषध चुकले किंवा उलटून पडले, वेदना किती आहे, रुग्ण जेवतो की नाही, हे तिने सांगावे. नंतर रेसिडेंटने रिपोर्ट आणि उपचार मांडावेत. शेवटी तज्ज्ञांनी निर्णय द्यावा. हा क्रम उलटा झाला की ज्येष्ठांचे मत आधी पडते आणि मग त्याच्याशी न जुळणारी माहिती कोणी पुढे करत नाही. गोळ्या उशीखाली सापडल्या, घरच्यांनी गावाकडचा काढा आणून पाजला, रुग्णाच्या बायकोला मराठी कळत नाही म्हणून काल समजावलेला पथ्याचा तक्ता तिच्यापर्यंत पोचलाच नाही, ही माहिती कोणत्याही रिपोर्टात येत नाही. कन्नड जाणणारी सिस्टर वॉर्डात असेल तर सीमाभागातील रुग्णाच्या राउंडला तिला आवर्जून बोलवावे.

बेड सोडण्यापूर्वी आजचे उद्दिष्ट काय, डिस्चार्जचा अंदाज काय आणि कोणत्या आकड्यांवर डॉक्टरांना कळवायचे, हे ठरून लिहिले जावे. यातील तिसऱ्या गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. केसपेपरवर ‘लक्ष ठेवा’ एवढेच लिहिणे ही ऑर्डर नव्हे, कारण तीत कशावर, किती वेळाने आणि कधीपर्यंत लक्ष ठेवायचे हे काहीच नसते. त्याऐवजी ‘दर तासाला नाडी, बीपी, लघवी, सिस्टॉलिक बीपी ९० च्या खाली, नाडी १२० च्या वर किंवा लघवी सलग दोन तास ३० मिलीपेक्षा कमी झाल्यास कळवा’ असे लिहिले की रात्रपाळीच्या परिचारिकेला फोन करावा की नाही याचा वेगळा विचार करावा लागत नाही. सिस्टॉलिक म्हणजे रक्तदाबाचा वरचा आकडा. या मर्यादा अर्थात रुग्णागणिक बदलतील. त्या डॉक्टरांनीच लिहायच्या आहेत.

रात्रीचा फोन

अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवर वापरली जाणारी थोडक्यात अहवाल देण्याची एक पद्धत २००० नंतरच्या काही वर्षांत तेथील कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेने रुग्णालयात आणली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एसबीएआर म्हणतात. आधी आत्ताची स्थिती, मग पार्श्वभूमी, मग आपला अंदाज आणि शेवटी मागणी, असा तिचा क्रम आहे. मराठीत ती अशी बोलता येते:

‘सर, मी पुरुष मेडिकल वॉर्डातून रात्रपाळीची सिस्टर बोलते आहे. बेड नंबर १२ च्या पेशंटसाठी फोन केला आहे, त्यांचा दम वाढला आहे. श्वास मिनिटाला २८, ऑक्सिजन ९० टक्के, नाडी १२४, बीपी ९६/६०. काल संध्याकाळी न्यूमोनियासाठी दाखल झाले, शुगर आहे, अँटिबायोटिकचे दोन डोस झाले. दुपारी श्वास २० होता, संध्याकाळपासून वाढतो आहे. पेशंट खालावत चालला आहे असे मला वाटते. स्टँडिंग ऑर्डरप्रमाणे ऑक्सिजन लावला आहे. तुम्ही आत्ता येऊन बघावे. तोवर आणखी काय सुरू करू?’

(स्टँडिंग ऑर्डर म्हणजे डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेली कायमची सूचना.) एवढे बोलायला मिनिटभरही लागत नाही. मात्र फोन उचलण्यापूर्वी आकडे स्वतः मोजलेले आणि केसपेपर हातात हवा. परिचारिकांना जड जातो तो तिसरा टप्पा. निदान करणे आपले काम नाही हे प्रशिक्षणापासून मनावर बिंबलेले असते, म्हणून अंदाज सांगताना जीभ अडखळते. पण ‘खालावत आहे’ हे निदान नव्हे, तो निरीक्षणाचा निष्कर्ष आहे आणि तो काढण्याचा अधिकार रुग्णाजवळ उभ्या असलेल्या व्यक्तीलाच सर्वांत जास्त आहे. तरीही संकोच वाटत असेल तर गुणपद्धतीचा आधार घ्यावा. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली तयार केलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली ‘न्यूज’ ही पद्धत श्वासाची गती, ऑक्सिजनची पातळी, बाहेरून ऑक्सिजन चालू आहे की नाही, सिस्टॉलिक बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप यांना गुण देते. बेरीज ५ झाली की डॉक्टरांनी तातडीने पाहायचे आणि ७ किंवा अधिक झाली की ती आणीबाणी धरायची. वरच्या रुग्णाचे गुण ताप न मोजताच दहाच्या पुढे जातात. एका आकड्यात सांगितलेली काळजी टाळणे डॉक्टरांना कठीण जाते, हा या पद्धतीचा न लिहिलेला फायदा आहे.

आता फोन घेणाऱ्याविषयी. डॉक्टरांच्या तोंडचे पहिले वाक्य पुढच्या रात्रीचा फोन वेळेवर येणार की उशिरा, हे ठरवते. ‘एवढ्यासाठी उठवलंत?’ असे एकदा ऐकलेली परिचारिका पुढच्या वेळी आणखी एक तास वाट पाहते, आणि तो तास रुग्णाच्या खात्यातून जातो. फोन अनावश्यक वाटला तरी रात्री काम उरकावे आणि दुसऱ्या दिवशी ‘असे दिसले तर सकाळपर्यंत थांबले तरी चालते, कारण असे’ हे शांतपणे सांगावे. फोन ठेवण्यापूर्वी आपण किती मिनिटांत पोचतो हे सांगणे बंधनकारक समजावे.

फोन उचललाच नाही तर? याची पायरी आधी लिहून, भिंतीवर, फोनशेजारी चिकटवलेली असावी: इंटर्न, रेसिडेंट किंवा आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी), मग तज्ज्ञ, आणि प्रत्येक पायरीवर किती मिनिटे थांबायचे. त्या कागदावर युनिटप्रमुखाची सही हवी. ती सही नसेल तर रेसिडेंटला ओलांडून थेट तज्ज्ञांना फोन करणाऱ्या सिस्टरला दुसऱ्या दिवशी बोलणी खावी लागतात, आणि तिसऱ्या दिवशी तो कागद भिंतीवर असून नसल्यासारखा होतो.

व्हॉट्सॲपबद्दल थोडेसे. ईसीजीचा फोटो पाठवण्यासाठी ते उत्तम आहे. पण संदेश पाठवणे म्हणजे कळवणे नव्हे. निळ्या खुणा दिसल्या म्हणून निर्णय झाला असे होत नाही. फोटो पाठवून लगेच फोन करावा, रुग्णाचे नाव-चेहरा फोटोत येऊ देऊ नये आणि उत्तरादाखल आलेली ऑर्डर केसपेपरवर उतरवावी.

ऑर्डर

तोंडी किंवा फोनवरील ऑर्डर शक्यतो तातडीच्या वेळीच घ्यावी. ती घेताना परिचारिकेने आधी लिहावी, मग लिहिलेली वाचून दाखवावी आणि डॉक्टरांनी ‘बरोबर’ असे म्हणावे. नुसते ‘हो सर’ पुरेसे नाही. मराठी आकडे फोनवर फसवतात: एकोणसाठ आणि एकोणसत्तर, एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांची गल्लत सहज होते, म्हणून आकडा पूर्ण सांगून नंतर त्याचे अंक सुटे सांगावेत, ‘साठ मिलीग्रॅम, सहा-शून्य’ असे. डॉक्टरांनी पुढच्या फेरीत, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, त्या ऑर्डरखाली सही करावी.

लेखी ऑर्डरीतही सापळे असतात. दशांशचिन्हाआधी शून्य न लिहिल्यास अर्ध्याचे पाच होतात आणि पाचानंतर विनाकारण दशांशचिन्ह व शून्य लिहिल्यास पाचाचे पन्नास. युनिट हा शब्द पूर्ण लिहावा, कारण त्याचे इंग्रजी आद्याक्षर घाईत शून्यासारखे वाचले जाते. इन्सुलिनच्या बाबतीत आपल्याकडे आणखी एक गुंता आहे: बाजारात एका मिलीत ४० युनिटांच्या बाटल्या मिळतात आणि १०० युनिटांची पेनेही मिळतात, आणि सिरिंजही दोन्ही मापांच्या असतात. ४० च्या बाटलीतील इन्सुलिन १०० च्या सिरिंजने मोजले तर मात्रा निम्म्याहूनही कमी जाते, उलट झाले तर अडीच पट. ऑर्डर लिहिणाऱ्याने युनिट लिहावेत आणि देणाऱ्याने बाटली व सिरिंज जुळते का ते दुसऱ्या परिचारिकेला दाखवून घ्यावे. इन्सुलिन, हेपॅरिन आणि तीव्र पोटॅशियम क्लोराइड यांच्यासाठी तरी दोघींनी पडताळणी करण्याचा नियम मोडू नये.

सर्पदंशाची एक रात्र

कामाची विभागणी कशी असते हे सर्वांत स्पष्ट दिसते ते सर्पदंशात. ऊस आणि भाताच्या या जिल्ह्यात अशा रुग्णांची सवय प्रत्येक वॉर्डाला आहे. रुग्ण येताच डॉक्टर श्वास, पापण्यांची जडता, मान उचलता येते का हे पाहतात. त्याच वेळी परिचारिका शीर मिळवते आणि साधारण दोन मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ती नळी न हलवता २० मिनिटे ठेवते. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर निकालावर विश्वास ठेवता येत नाही, आणि हे माहीत असण्याची जबाबदारी प्रत्यक्षात परिचारिकेवरच येते. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली आणि रक्त गोठलेले नसेल, तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडली आहे असे समजून डॉक्टर प्रतिविषाचा निर्णय घेतात. मण्यार किंवा नागाचे विष मज्जातंतूंवर काम करते, त्यामुळे त्यांच्या दंशात मात्र नळीतले रक्त गोठले तरी निश्चिंत राहता येत नाही. म्हणून नळीचा निकाल आणि पापण्यांची स्थिती या दोन्ही नोंदी एकाच कागदावर, वेळेसह, हव्यात.

प्रतिविष सुरू करण्यापूर्वी ॲड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवावे आणि प्रतिक्रिया दिसताच परिचारिकेने हाक मारण्याआधी सलाईन थांबवण्याची मुभा असावी. ही मुभा डॉक्टरांनी आधीच, सर्वांसमोर, तोंडाने द्यावी: ‘सिस्टर, अंगावर गांधी आल्या, दम लागला किंवा बीपी पडले तर आधी प्रतिविष बंद करा आणि मग मला बोलवा.’ पहिला तास कोणीतरी बेडपाशी उभे असणे आवश्यक आहे; त्या वेळी इतर रुग्णांचे इंजेक्शन कोण देणार, हे इनचार्ज सिस्टरने तेव्हाच ठरवावे. सहा तासांनी नळीची चाचणी पुन्हा करायची असते आणि तोवर पाळी बदललेली असते. हँडओव्हरमध्ये, म्हणजे पाळी सोपवताना, ‘सर्पदंशाचा पेशंट, प्रतिविष झाले’ एवढेच सांगितले तर ती चाचणी हमखास राहते. ‘प्रतिविष रात्री ११ ला सुरू झाले, पुढची नळी पहाटे ५ ला, निकाल रेसिडेंटला फोनने कळवायचा’ असे वेळ आणि व्यक्ती धरून सांगावे, आणि शक्य तेव्हा जाणाऱ्या व येणाऱ्या दोन्ही सिस्टरनी बेडपाशी उभे राहून सांगावे.

हरकत कशी घ्यावी

डॉक्टरांची ऑर्डर चुकीची वाटली तर काय करावे, हे आपल्याकडे कोणी शिकवत नाही. अमेरिकेत २००६ साली तेथील संरक्षण खाते आणि आरोग्यसेवा संशोधन संस्थेने मिळून तयार केलेल्या प्रशिक्षणात दोन वेळा बोलण्याचा नियम आहे: काळजी एकदा स्पष्ट मांडावी, दखल घेतली नाही तर दुसऱ्यांदा मांडावी आणि तरीही समाधान झाले नाही तर काम थांबवून वरच्या पायरीवर जावे. आपल्या बोलीत पहिले वाक्य ‘सर, एक मिनिट, या पेशंटला पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली आहे’ असे असेल. दुसरे ‘सर, मला हे सुरक्षित वाटत नाही, देण्यापूर्वी एकदा केसपेपर बघता का?’ असे. दुसऱ्या वाक्यात ‘सुरक्षित’ हा शब्द आला की समोरच्याने हातातले काम थांबवायचेच, असा वॉर्डाचा संकेत असावा. हरकत चुकीची निघाली तरी घेणाऱ्याला कोणी हसू नये.

इंटर्नशी वागताना पारडे उलटे असते. वीस वर्षे वॉर्ड चालवलेल्या सिस्टरला नव्या डॉक्टरची चूक लगेच दिसते. तेथे ती रुग्णाच्या नातेवाइकांसमोर न दाखवता ड्रेसिंग रूममध्ये नेऊन दाखवावी. बहुतेक डॉक्टर शीर शोधायला सिस्टरकडूनच शिकलेले असतात. संबोधनाचेही तसेच. रुग्णासमोर एकमेकांना ‘सिस्टर’ किंवा ‘ब्रदर’ आणि ‘डॉक्टर’, ‘सर’, ‘मॅडम’ असेच म्हणावे, एकेरीवर येऊ नये. ज्या सिस्टरला डॉक्टर सर्वांसमोर ‘ए’ म्हणून हाक मारतात, तिने सांगितलेले पथ्य नातेवाईक पाळत नाहीत.

शस्त्रक्रियागृहाची रीत बरीचशी तयारच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये दिलेली सुरक्षा यादी भूल देण्यापूर्वी, चीर देण्यापूर्वी आणि रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी, अशी तीनदा वाचायची असते. जगभरातील आठ शहरांत, त्यांत दिल्लीही होती, केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. मात्र २०१४ मध्ये कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील १०१ रुग्णालयांच्या अभ्यासात, यादी सर्वत्र लागू करूनही, असा लक्षणीय फरक दिसला नाही. वापरण्याच्या पद्धतीतच या तफावतीचे बरेचसे उत्तर असावे, असे मला वाटते. शस्त्रक्रिया संपल्यावर सगळ्या चौकोनांत एकदम खुणा करणारी यादी कोणाला वाचवत नाही. ती परिचारिकेने मोठ्याने वाचावी आणि ती वाचत असताना सर्जनने हात थांबवावेत.

पूर आणि तुटलेले रस्ते

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने रस्ते बंद झाले, तेव्हा पाळी बदलणे आणि तज्ज्ञांनी पोचणे ही दोन्ही कामे अनेकांना अवघड झाली. अशा दिवसांत फोनवरची ऑर्डर हाच नियम होतो. म्हणून पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की ४३ फुटांची धोका पातळी येण्याची वाट न पाहता वॉर्डात बैठक घ्यावी: कोण आत राहणार, कोणता डॉक्टर फोनवर कोणत्या रुग्णासाठी जबाबदार, कोणती औषधे परिचारिका स्टँडिंग ऑर्डरवर सुरू करू शकते, हे सहीनिशी लिहून ठेवावे. सलग दोन पाळ्या केलेल्या परिचारिकेकडून आणि डॉक्टरकडून मात्रांची पडताळणी एकट्याने करून घेऊ नये.

सुरुवात कोठून करावी

सर्व रीती एकदम आणू नयेत; एक वॉर्ड आणि त्यातही फोन एवढेच निवडावे. वॉर्डात एक वही ठेवावी आणि प्रत्येक फोनची वेळ, कारण, उत्तर मिळाल्याची वेळ, डॉक्टर बेडपाशी पोचल्याची वेळ आणि पुढे काय झाले, एवढेच त्यात लिहावे. आठवड्यातून एकदा इनचार्ज सिस्टर आणि तज्ज्ञ यांनी ती पंधरा मिनिटे एकत्र बसून वाचावी. वाचताना नावे विचारू नयेत. उशीर कोणत्या पायरीवर झाला, कोणत्या ऑर्डरीत मर्यादा लिहिलेली नव्हती, कोणता फोन आधी यायला हवा होता, एवढेच पाहावे आणि त्यातून पुढच्या आठवड्यासाठी एकच बदल ठरवून फोनशेजारच्या कागदावर लिहावा. ही वही शिक्षेसाठी एकदाही वापरली गेली तर तिच्यात यापुढे खरी वेळ कोणी लिहिणार नाही, म्हणून ती प्रशासनाच्या कपाटात न ठेवता इनचार्ज सिस्टरच्या टेबलावरच ठेवावी.